उत्तरेची भिंत

घराबद्दल काहीही ठरवायचं तर उभ्यानं ठरवायचं, हा बाबांचा नियम होता. बसलेला माणूस काम उद्यावर ढकलतो, असं ते म्हणत. बाबांना जाऊन एकवीस वर्षं झाली, तरी त्या सकाळी त्यांची तिन्ही मुलं मागच्या खोलीत उभीच होती. तिघांचे मिळून सहा गुडघे, त्यांतले धड म्हणावेत असे दोनच, आणि ते दोन्ही धाकट्याचे. पस्तीस वर्षं टपाल वाटत सायकल मारली, त्याचा तेवढाच फायदा, असं तो स्वतःच सांगायचा.

खोलीत बसायला तसंही काही नव्हतं. पलंग पुढच्या खोलीत नेला होता. आईचं शिवणयंत्र जुन्या चादरीखाली झाकून मधोमध ओढलं होतं. स्वयंपाकघराच्या बाजूच्या भिंतीशी रंगाच्या दोन डब्यांवर एक फळी टाकलेली होती आणि तिच्यावर सुतार आपली हत्यारांची पेटी विसरून गेला होता. दुरुस्ती काढल्याला आता सातवा आठवडा. नळ झाले, वायरिंग झालं, खिडक्या बदलल्या. नाकातोंडात सिमेंटची धूळ बसून बसून घरातल्या माणसांना एकमेकांशी भांडायचाही कंटाळा आला होता. परवा प्लास्टरवाले यायचे होते. त्याआधी एवढंच ठरवायचं होतं की भिंतींना आतून इन्सुलेशनचे तक्ते ठोकायचे, की नुसतं प्लास्टर मारून मोकळं व्हायचं.

"माझं मत सांगून टाकतो," धाकटा म्हणाला. "मला हे पटत नाही. बाबांनी स्वतःच्या हातानं रचलेल्या भिंती. चौपन्न वर्षं उभ्या आहेत. आता या वयात त्यांना दुलया कसल्या पांघरता?"

"उभं असण्याचा आणि उबदार असण्याचा काय संबंध?" मधली म्हणाली. तिची सगळी नोकरी हॉस्पिटलात, नर्स म्हणून गेली होती. साधं 'पाणी दे' म्हणाली तरी ऐकणाऱ्याला वाटायचं, आपण गोळी घ्यायची विसरलो. "वहिनी मागच्या हिवाळ्यात एकोणीस दिवस हॉस्पिटलात होती. विसरलास?"

"न्यूमोनिया झाला होता तिला. न्यूमोनिया काय भिंतीतनं येतो?"

"तू पत्रं वाट."

"निवृत्त झालो मी."

"मग निवृत्त माणसासारखा गप्प राहा."

ज्या वहिनीबद्दल हे चाललं होतं ती, म्हणजे थोरल्याची बायको, दाराच्या चौकटीला खांदा लावून उभी होती. अंगात दोन स्वेटर, वरून शाल, आणि अजून खरा हिवाळा सुरूही झाला नव्हता. जिना चढणं तिला जमेनासं झाल्यापासून ही खालची खोली तिची झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की पुढचा हिवाळा अशा गारठ्यात काढायचा नाही. खोली उबदार झाली तर ठीक, नाहीतर चार महिने लेकीकडे. लेकीचं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. तिकडे गेलेलं सामान परत येत नसतं, हे नवरा-बायको दोघांनाही न बोलता कळत होतं.

"दादा, तू बोल की," मधली म्हणाली. "गवंडी तू आहेस. घर तुझ्या हाताखालून गेलंय."

थोरल्यानं भिंतीकडे पाहिलं नाही. "भिंतीला हात लावू नये असं मला वाटतं," तो म्हणाला. "प्लास्टर चांगलं जाड करू. एक मोठा हीटर बसवू."

"झालं!" धाकटा म्हणाला. "दोन विरुद्ध एक."

"दोन विरुद्ध दोन," वहिनी चौकटीतून म्हणाली.

ती जिथे उभी होती ती चौकट चांगली खोल होती. खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत नऊ इंची, भरभक्कम. लहानपणी मुलं त्या दारात पाय दुमडून बसत, इतकी जागा. आतल्या भिंतीला एवढी जाडी कशाला, असं कुणी विचारलं की बाबा म्हणत, "हात सढळ होता माझा." घरातला तो एक जुना विनोद होता.

तो विनोद कुठून आला हे थोरल्याला माहीत होतं. एकोणीस वर्षांचा होता तो. बाबा पंधरा दिवस दुसऱ्या कामावर गेले होते. जाताना दोन दोऱ्या बांधून गेले, एक बाहेरच्या भिंतीची, एक मधल्या भिंतीची. बाहेरची नऊ इंची, मधली साडेचार, असं सांगूनही गेले. आणि यानं उलट धरलं. आतली भिंत किल्ल्यासारखी रचली आणि बाहेरची, उत्तरेची, जिच्यावर सगळा वारा येतो, ती एका आडव्या विटेची. छताचं वजन त्या भिंतीवर नव्हतं म्हणून घर उभं राहिलं. बाबा परत आले, त्यांनी थापीच्या दांड्यानं भिंत वाजवली. एकदा, दोनदा. त्याच्याकडे पाहिलं. मग काही न बोलता गिलावा कालवला आणि भिंत दोन्ही बाजूंनी स्वतः लिंपून टाकली. त्यावर दोघांत कधी एक शब्द झाला नाही.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत थोरल्यानं एकही भिंत तीनदा मोजल्याशिवाय वर उचलली नाही. भिंत सरळ आहे का ते पाहायच्या वजनाच्या दोरीवरून कामावरची माणसं त्याला ओळंबा म्हणू लागली. त्यांना वाटे, याला आपल्या कामाचा ताठा आहे. ताठा कुठला? धास्ती होती ती.

आणि त्या खोलीत आई बेचाळीस हिवाळे झोपली. शिवणकाम करायची ती, गावभरच्या पोरांचे शाळेचे कपडे. बोटं काकडली की यंत्र थांबवून हात काखेत धरायची. सगळे तिला हसत. "आईची थंडी" हा घरातला शब्दच होऊन बसला होता. कुणी उगाच कुरकुर केली, कुणाचं डोकं परीक्षेच्या दिवशीच दुखलं, की आईची थंडी लागली म्हणायचं. मागच्या हिवाळ्यात वहिनीनं पहिल्यांदा तक्रार केली तेव्हा धाकटा तेच म्हणाला होता. थोरला हसला नव्हता. पण काही बोललाही नव्हता.

दारावर थाप पडली. तक्ते बसवणारी बाई आली होती. तिशीची असेल, केसांत पेन्सिल खोवलेली, हातात पेटी. आल्या आल्या तिनं तीनदा शिंकून घेतलं. "धूळ," ती म्हणाली. "या धंद्यात येऊन मला धुळीची ॲलर्जी आहे. घरचे हसतात."

"आमच्याकडेही हसायची पद्धत आहे," धाकटा म्हणाला. "या."

तिनं पेटीतून एक यंत्र काढलं. पाहिजे त्या भिंतीवर धरायचं आणि पडद्यावर ऊब लाल, गारवा निळा. धाकट्यानं पहिल्यांदा स्वतःचा हात धरून पाहिला, मग मधलीचं नाक. "निळं आहे," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं."

"इकडे आण," म्हणून मधलीनं ते हिसकावून वहिनीकडे धरलं. दोन स्वेटर घालूनही वहिनीची बोटं पडद्यावर शाईसारखी दिसत होती. धाकट्यानं वाकून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला.

"बरं, मी मत बदललं," तो हळूच म्हणाला. "ठोका तक्ते. तीन विरुद्ध एक. दादा, आता तूच राहिलास बघ."

बाई भिंती पाहत फिरली. पूर्वेची हिरवट, पश्चिमेची तशीच. उत्तरेच्या भिंतीपुढे येऊन ती थांबली, यंत्र हलवून पुन्हा धरलं. "ही फारच गार आहे. बाकीच्यांपेक्षा खूपच. जाडी किती हिची?"

धाकट्यानं थोरल्याकडे पाहिलं.

"कारण त्यावरच सगळं आहे," ती म्हणाली. "नऊ इंची असेल तर साधे तक्ते, दोन दिवसांचं काम. पातळ असेल तर आधी बाहेरून पावसाचा बंदोबस्त करायचा, मग आतून वेगळ्या जातीचे, जाड तक्ते. ते न करता नुसते साधे ठोकले तर मागे पाणी धरतं. वरून छान दिसतं, आत सगळं काळं पडतं. छातीचं दुखणं असलेल्या माणसाला तर त्याच्यापेक्षा उघडी भिंत बरी. एक बोटभर भोक पाडून बघू का? मिनिटाचं काम आहे."

"भोक कशाला?" मधली एकदम म्हणाली.

थोरल्यानं मान वर केली. सात आठवडे इन्सुलेशन, इन्सुलेशन म्हणून डोकं उठवणारी ही, आणि एका भोकाला नाही म्हणते? ती त्याच्याकडे पाहत नव्हती. शिवणयंत्रावरची चादर उगाच सारखी करत होती.

"भोकाची गरजच काय?" धाकटा म्हणाला. "हे घर बांधणारा माणूस समोर उभा आहे. बाबांनी आणि यानं बांधलं. ओळंबा म्हणतात याला. दादा, सांग की."

"मग प्रश्नच मिटला," बाई म्हणाली आणि केसांतून पेन्सिल काढली. "काका, नऊ इंची ना?"

"नऊ," थोरला म्हणाला.

तिनं लिहून घेतलं.

इतकं सोपं होतं ते. चौपन्न वर्षांत कुणी सरळ विचारलं नव्हतं म्हणून खोटंही कधी बोलावं लागलं नव्हतं. त्याला वाटलं होतं, जड जाईल. उलट शब्द सुळ्ळकन निघून गेला.

"ओल तेवढी पाहून घेते," बाई म्हणाली. उत्तरेच्या भिंतीला कागद लावलेला होता, फिकट फुलांचा. तिनं कोपऱ्यात पातळ पत्र्याची पट्टी घालून तो उचकटला. कागद निघाला, पण भिंत दिसली नाही. आत दुसरा कागद. तो काढला, तर तिसरा. "हे काय आहे?"

"आईचा उद्योग," धाकटा म्हणाला. "दर दोन-तीन वर्षांनी थंडीच्या तोंडावर खळ शिजवायची आणि कागद चिकटवत बसायची. आम्ही म्हणायचो, आई, भिंतीलाही कपडे शिवतेस का? मला ते पातेलं ढवळायला लावायची."

वरचे दोन-तीन थर सोडले तर खाली सगळा खाकी कागद होता. आईचे बेतायचे कागद, बाह्या आणि पाठी आणि खांदे, जुने झालेले. प्रत्येकावर तिचं ठसठशीत अक्षर. बाई एकेक थर सोडवत होती आणि धाकटा वाकून वाचत होता. "'धाकटा, शाळेचा सदरा.' अरे, हा मी! 'मधली, गणवेश, कमर सैल.' तायडे, कमर सैल म्हणे."

"होती तेव्हा," मधली म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

"सतरा थर," बाई म्हणाली. "खालचे पार कुजलेत, बुरशी आहे." ती मागे सरकली, खोलीभर नजर फिरवली. "फक्त याच भिंतीला? बाकी तिन्हींना नुसता चुना आहे."

"आईला सगळंच गार लागायचं हो," धाकटा म्हणाला.

"नाही काका. ज्याला सगळंच गार लागतं तो एकाच भिंतीला सतरा वेळा कागद लावत नाही." तिनं हे सहज म्हटलं, यंत्र पुसता पुसता. "त्यांना कळलं होतं."

सगळ्यांत खालचा तुकडा तिच्या हातात लोंबत होता. थोरला पुढे झाला. चष्म्याशिवायही त्याला अक्षर लागलं. 'थोरला, कामाचा कोट. बाही लांब ठेवणे.' घर बांधलं त्या वर्षीचा कोट. त्याच हिवाळ्यात तिनं हा कागद भिंतीला लावला होता.

"पाटी कोरी करा," तो म्हणाला.

"काय?"

"लिहिलंत ते खोडा. साडेचार आहे. साडेचार इंची."

धाकटा हसायला लागला, मग थांबला. "बाबा बाहेरची भिंत साडेचारची कशी बांधतील?"

"बाबांनी नाही बांधली. ते कामावर गेले होते. मी बांधली. दोऱ्या उलट धरल्या." त्यानं दाराच्या चौकटीकडे बोट केलं. "ही तिकडे जायला हवी होती आणि ती इकडे."

धाकट्यानं चौकटीकडे पाहिलं, जिथे तो लहानपणी पाय दुमडून बसत असे. मग उत्तरेच्या भिंतीकडे. हिशेब लागायला त्याला जरा वेळ लागला आणि लागल्यावर त्याचा आवाज चढला. "मी तिला हसायचो! जन्मभर हसलो तिला! तुझं रक्तच गार आहे म्हणायचो. तू तिथे बसलेला असायचास दादा. तूपण हसायचास!"

"हो," थोरला म्हणाला.

"हो काय हो!"

"त्याच्यावर ओरडू नकोस," मधली म्हणाली. "आईला माहीत होतं."

"तुला काय माहीत?"

"मला तिनं सांगितलं. पहिल्याच हिवाळ्यात. शिवणाची टेप घेऊन घर बाहेरून मोजलं तिनं, मग आतून मोजलं, आणि वजाबाकी केली. माप घेणारी बाई ती, तिला कोण फसवणार? टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं." ती थोरल्याकडे वळली. "म्हणाली, याला कळू देऊ नको. आत्ता कुठे हात बसतोय त्याचा. कळलं तर वीट खाली ठेवेल आणि पुन्हा उचलणार नाही. म्हणून ती खोली तिनं मागून घेतली. यंत्राला उत्तरेचा उजेड बरा, असं सांगितलं सगळ्यांना."

"त्या भिंतीला खिडकीच नाही," धाकटा म्हणाला.

"ते कुणाच्या लक्षात आलं? तुझ्या आलं?"

आपण एकट्यानं ओझं वाहिलं असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. बाबांना माहीत होतं, आईला माहीत होतं, चौदा वर्षांच्या पोरीला माहीत होतं. तिघांनी मिळून त्याला सांभाळलं होतं आणि तो आईच्या थंडीवर हसला होता, सगळ्यांबरोबर, कुणाला संशय नको म्हणून.

"मला कुणी काही सांगतच नाही या घरात," धाकटा पुटपुटला. "गावभरची पत्रं माझ्या हातून गेली."

चौकटीतून वहिनी पुढे आली. इतका वेळ ती सगळ्यांचं ऐकत होती. "मला एक सांगा," ती नवऱ्याला म्हणाली. आवाज अगदी साधा होता, मीठ कुठे ठेवलंय विचारावं तसा. "सासूबाईंना माहीत होतं, ते त्यांचं त्यांनी ठरवलं. मला माहीत नव्हतं. मागच्या हिवाळ्यात मी या भिंतीला लागून झोपत होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी रात्री खोकायचे. तुम्ही उठून पाणी गरम करून आणायचात. तेव्हाही."

"मी तुझा पलंग भिंतीपासून ओढून घेतला होता," थोरला म्हणाला.

"हो. वीतभर."

मधलीनं तोंड फिरवलं. बाईनं पेटी बंद केली, पुन्हा उघडली.

"आत्तासुद्धा नऊ म्हणालात," वहिनी म्हणाली. "माझ्यासमोर. ती बाई एवढं समजावून सांगत होती, मागे काळं पडतं म्हणून, आणि तुम्ही नऊ म्हणालात."

त्याला म्हणायचं होतं की मी खोडलं, खोडलं की नाही मी? पण खोडलं ते आईचं अक्षर पाहून. हिच्याकडे पाहून खोडायला हवं होतं, ते झालं नव्हतं, आणि हे तिला कळलेलं होतं. बावीस वर्षांची या घरात आली होती ती. त्याच्याबद्दल तिला न कळलेली एकच गोष्ट होती, ती आज संपली.

तो मागे सरकला. भिंतीशी टाकलेल्या फळीवर तो बसला.

"दादा, अजून ठरलं नाहीये," धाकटा सवयीनं म्हणाला. "उभ्यानं..."

"मी बसून सांगतो," थोरला म्हणाला. "बाहेरून जे करायचं ते आधी करा. मग आतून जाड तक्ते. प्लास्टरवाल्यांना पुढे ढकला. खोली जेवढी लहान होईल तेवढी होऊ दे. यंत्र मावणार नाही, ते पुढच्या खोलीत जाईल. पलंग या मधल्या भिंतीला लावा." तो बाईकडे वळला. "लिहून घ्या. साडेचार. आणि कुणी बांधली तेही लिहा."

"त्याला रकाना नसतो काका," बाई म्हणाली.

"मग कडेला लिहा."

तिनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि खरंच कडेला काहीतरी लिहिलं. "तरी एक भोक पाडावं लागेल," ती जरा संकोचून म्हणाली. "तुमच्यावर विश्वास नाही असं नाही."

"पाडा."

"या कागदांचं काय करू?"

मधली हात पुढे करणार होती, पण त्याआधी वहिनी म्हणाली, "टाका. बुरशी आहे त्यांना." मग तिनं तो सगळ्यांत खालचा तुकडा बाईच्या हातातून घेतला, झटकला आणि मधलीला दिला. "एवढा उन्हात वाळव."

ड्रिल सुरू झालं. आवाज मोठा होता, पण फार वेळ टिकला नाही. पाहता पाहता पातं मोकळं फिरायला लागलं, आणि बाईनं ते मागे ओढलं तेव्हा भिंतीत बोटभर उजेड होता. धाकट्यानं जाऊन त्या भोकापुढे तळहात धरला. "वारा येतोय," तो म्हणाला. मग खिशातला रुमाल काढून त्यानं त्याचा बोळा भोकात घातला.

वहिनीला आता उभं राहवेना. खोलीत बसण्याजोगं एकच होतं. ती फळीच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली. दोघांच्या मधे सुताराची पेटी होती. ती कुणी उचलली नाही.

"लेकीला फोन करा," ती म्हणाली. "सांगा, काम संपेपर्यंत येते."

"आणि संपल्यावर?"

"संपल्यावर मी हात लावून बघेन," ती म्हणाली. "तुम्ही सांगू नका. मी हात लावून बघेन."

त्यानं मान हलवली. दोघांची पाठ मधल्या भिंतीला टेकली होती. पलीकडे स्वयंपाकघरात सकाळपासून चूल चालू होती, भांड्यांवरून वाफ येत असणार. पण मधे नऊ इंच वीट होती, सरळ, ओळंब्यात, त्याच्याच हातची. इकडे काही पोचत नव्हतं.